अनियमित नाडी आणि जर्जर देह : वृद्ध रुग्णाच्या चिकित्सेत वैद्याचे स्थान

वृद्ध रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा तो हृदयाची तक्रार घेऊन क्वचितच येतो. "अंगात त्राण उरले नाही", "जिना चढवत नाही", "जेवणावरची वासना गेली", "काहीतरी ताकदीचे द्या" असे त्याचे, किंवा बहुधा त्याच्यासोबत आलेल्या सुनेचे वा मुलाचे म्हणणे असते. आपणही जिभेकडे, डोळ्यांकडे पाहतो, वयाचा विचार करतो आणि एखादा अवलेह, अश्वगंधादी चूर्ण आणि अभ्यंगाचे तेल लिहून देतो. बहुतेक वेळा त्यात गैर काही नसते. परंतु अशा रुग्णांपैकी काहींच्या मनगटावर आपली बोटे पूर्ण मिनिटभर स्थिरावली, तर निराळेच काही हाती लागते. नाडी चालते, पण तिला ताल नसतो. एक ठोका मोठा, दुसरा बारीक, तिसरा लवकर आलेला, चौथा हरवलेला. आणि या गोंधळातही कोणता क्रम सापडत नाही. हा विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इतके विस्कळीत विद्युत्संवेग उठतात, कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांकडे त्यांतले काहीच संवेग, तेही वेडेवाकडे, पोचतात.

दीर्घकाळ टिकणाऱ्या हृत्तालविकारांत हा सर्वांत जास्त आढळणारा विकार असून वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. वयाबरोबर आणखीही एक अवस्था वाढते. आधुनिक वैद्यकात तिला 'फ्रेल्टी' म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्यासाठी 'जर्जरता' हा शब्द योजला आहे. ही दोन्ही एकाच देहात एकत्र आली म्हणजे चिकित्सेची सगळी गणिते बदलतात. त्या बदललेल्या गणितात आयुर्वेदीय चिकित्सकाने आणि औषधविक्रेत्याने काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हा या लेखाचा विषय आहे.

जर्जरता म्हणजे नुसते वार्धक्य नव्हे

ऐंशीव्या वर्षी शेतावर जाणारे आजोबा आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि अडुसष्टाव्या वर्षी खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकणारे गृहस्थही. वय सारखे असून बल सारखे नसते, हे आपल्या शास्त्राला नवीन नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्षा सांगताना वय हा केवळ एक घटक धरला. सार, संहनन, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती हे निराळे मोजायला सांगितले. व्यायामशक्ती ही कर्मशक्तीवरून ओळखावी, असा त्यांचा स्पष्ट निर्देश आहे. शार्ङ्गधराने प्रत्येक दशकात देहातून काय उणे होते याची यादी दिली आहे. तीत आठव्या दशकाच्या वाट्याला विक्रम, म्हणजे पराक्रमाचे बल, आले आहे.

आधुनिक वैद्यकात हाच विचार मोजमापाच्या भाषेत यायला २००१ साल उजाडले. अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढील पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या निरीक्षणावरून पाच लक्षणे निश्चित केली : वर्षभरात प्रयत्न न करता सुमारे साडेचार किलो वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड दुर्बल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन वा अधिक असल्यास जर्जरता, एक वा दोन असल्यास तिची पूर्वावस्था. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केला असता एट्रियल फिब्रिलेशनच्या दर शंभर रुग्णांत सुमारे चाळीस जर्जर आढळतात. विकार आणि अवस्था यांचे हे साहचर्य योगायोगाचे नाही.

वरच्या कप्प्याचे आकुंचन थांबले की खालचा कप्पा भरण्यात जवळजवळ पाचव्या हिश्श्याची किंवा त्याहून मोठी तूट येते. तरुण, लवचिक हृदयाला ती खपते; म्हातारपणी ताठरलेल्या हृदयाला खपत नाही. स्नायूंना आणि मेंदूला पुरवठा कमी पडतो, रुग्ण दमतो, दमतो म्हणून बसून राहतो, बसून राहतो म्हणून मांसधातू झिजतो, आणि झिजलेल्या देहाला पुढचा प्रत्येक आजार अधिक जड जातो. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायातील रसक्षयाची लक्षणे या ठिकाणी मुद्दाम काढून वाचावीत. मोठा आवाज सहन न होणे, हृदय धडधडणे, थोड्याशा श्रमानेही ग्लानी येणे हे वर्णन आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. ऐंशी वर्षांच्या, अनियमित नाडीच्या रुग्णासमोर ते पुन्हा आठवले की त्याचा अर्थ नव्याने उमगतो. त्याच अध्यायातील ओजःक्षयाचे चित्र, भित्रेपणा, दुर्बलता, सततची चिंता, हेही या रुग्णांना जुळते. अर्थात रसक्षय म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन, असे समीकरण आम्ही मांडत नाही. असली समीकरणे मांडण्याची आपल्या व्यासपीठांवर जी घाई दिसते, ती शास्त्राच्या हिताची नाही, असे आमचे मत आहे.

एक मिनिट, तीन बोटे आणि एक खुर्ची

नाडीपरीक्षेचा अभिमान आपण बाळगतो. मग तिचा हा सरळ उपयोग तरी हातचा जाऊ देऊ नये. शार्ङ्गधराने पूर्वखंडाच्या तिसऱ्या अध्यायात थांबून थांबून चालणाऱ्या नाडीला प्राणघातक म्हटले आहे. ताल सुटलेल्या नाडीचे गांभीर्य आपल्या पूर्वसूरींच्या बोटांना ठाऊक होते. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पासष्टीपुढील रुग्णांची, ते कोणत्याही कारणाने दवाखान्यात आले तरी, केवळ नाडी पाहिली गेली आणि ती अनियमित वाटली तरच ईसीजी काढला गेला. सर्वांना बोलावून ईसीजी काढण्याने जितके नवे रुग्ण सापडले, साधारण तितकेच या साध्या रीतीने सापडले. यंत्राच्या आधी बोटे पुरेशी ठरली, हे वाचून कोणाही वैद्याला समाधान वाटेल.

मात्र पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय येथे उपयोगी नाही. पूर्ण साठ सेकंद मोजावे. नाडी अनियमित वाटल्यास स्टेथोस्कोप छातीवर ठेवून हृदयाचे ठोके आणि मनगटाचे ठोके एकाच वेळी मोजावेत. दोहोंत दहा-वीस ठोक्यांची तफावत निघाली तर संशय बळावतो. निदान ईसीजीनेच पक्के होते, बोटांनी नाही. अनियमित नाडी सापडलेल्या रुग्णाला ईसीजी न काढता औषध देऊन परत पाठवणे हे या विषयातले पहिले टाळण्याजोगे कर्म होय. या रुग्णांच्या रक्ताची तपासणी करताना थायरॉइडही पाहावा, असा आमचा आग्रह असतो. वृद्धांत थायरॉइडचा अतिरेक पुष्कळदा गुपचूप येतो. ना डोळे बाहेर येतात, ना अस्वस्थता दिसते, फक्त वजन उतरते, बल जाते आणि नाडी बिघडते. हे निव्वळ म्हातारपण समजून सोडून देणे म्हणजे बरा होण्याजोगा रोग सोडून देणे होय.

जर्जरतेच्या परीक्षेला तर काहीच खर्च नाही. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली मांसक्षयासाठी जी परिमाणे ठरवली, ती आपल्या लोकांना अधिक जवळची आहेत. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास बारा सेकंद वा अधिक लागणे, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी असणे, पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी भरणे या खुणा लक्षात ठेवाव्यात. शिंप्याची टेप, भिंतीवरचे घड्याळ आणि हात नसलेली एक खुर्ची, एवढ्यावर काम भागते. परीक्षा करताना रुग्णाशेजारी कोणी तरी उभे असावे, हे सांगायला नकोच.

रक्त पातळ करणारी गोळी आणि घरातील वाद

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, विशेषतः डाव्या बाजूच्या एका लहानशा पिशवीसारख्या भागात त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हे फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासाने १९९१ साली दाखवले. म्हणून रक्त गोठू न देणारी औषधे दिली जातात. आपल्याकडे वर्षानुवर्षे वॉरफरिन आणि असिट्रॉम या गोळ्या परिचयाच्या आहेत. २०१० नंतर डॅबिगॅट्रान, रिव्हॅरॉक्सॅबान, अपिक्सॅबान, एडॉक्सॅबान ही नवी औषधे आली.

जर्जर वृद्धाच्या बाबतीत येथेच खरा पेच पडतो. पक्षाघाताचा धोका त्यालाच अधिक आणि रक्तस्रावाचा धोकाही त्यालाच अधिक. "म्हातारे माणूस, पडले तर डोक्यात रक्तस्राव होईल," या भीतीने गोळी सुरूच न करणे किंवा मध्येच थांबवणे सर्रास घडते. या भीतीचा हिशेब १९९९ साली कॅनडातील संशोधकांनी मांडला. वर्षातून सुमारे २९५ वेळा पडणाऱ्या माणसातच पडण्यामुळे होणाऱ्या मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वॉरफरिनच्या लाभाहून मोठा ठरेल, असे त्यांच्या गणिताने दाखवले. हे गणित आहे, प्रत्यक्ष प्रयोग नव्हे. तरी भीतीचे आकारमान कळायला ते पुरे आहे. प्रत्यक्ष प्रयोगही झाले. बर्मिंगहॅम येथील २००७ च्या अभ्यासात पंच्याहत्तरीपुढील ९७३ रुग्णांना वॉरफरिन किंवा अ‍ॅस्पिरिन देण्यात आले. पक्षाघातादी घटना वॉरफरिनवर वर्षाला १.८ टक्के आणि अ‍ॅस्पिरिनवर ३.८ टक्के झाल्या. "वय झाले आहे, तेव्हा नुसती अ‍ॅस्पिरिन पुरे" ही सौम्य वाटणारी तडजोड त्यामुळे निराधार ठरते. जपानात ऐंशीपुढील आणि पूर्ण मात्रा न झेपणाऱ्या ९८४ रुग्णांवर एडॉक्सॅबानच्या अल्पमात्रेचा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. पक्षाघात वर्षाला ६.७ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आला, मात्र मोठे रक्तस्राव १.८ वरून ३.३ टक्क्यांवर गेले. लाभ आहे आणि किंमतही आहे.

नवे ते सर्वांना चांगले, हाही समज टिकला नाही. नेदरलँड्समध्ये पंच्याहत्तरीपुढील, जर्जर आणि जुन्या गोळीवर स्थिर असलेल्या सुमारे तेराशे रुग्णांपैकी निम्म्यांना नव्या गोळीवर नेले. वर्षभरात महत्त्वाचे रक्तस्राव गोळी बदललेल्यांत १५.३ टक्के आणि न बदललेल्यांत ९.४ टक्के झाले. हा निष्कर्ष २०२३ चा. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शनात अशा स्थिर रुग्णांची जुनी गोळी चालू ठेवण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. तसेच लहानपणच्या आमवातज्वरामुळे झडप आकसलेल्या रुग्णांत, आणि आपल्या देशात असे वृद्ध आजही भेटतात, जुन्याच गोळीने मृत्यू कमी होतात हे चोवीस देशांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. तेव्हा "तुमची गोळी जुनाट आहे, नवी मागून घ्या," असा सल्ला औषधाच्या दुकानात उभ्या उभ्या देणे धोक्याचे आहे.

येथे एका रुग्णेचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. वय ८२, वजन ४६ किलो. अपिक्सॅबान चालू होते. ऐंशीचे वय आणि साठ किलोच्या आतले वजन असे दोन निकष पुरे होत असल्याने तिच्या हृदयरोगतज्ज्ञांनी अर्धी मात्रा ठेवली होती, आणि ते योग्यच होते. सून तिला आमच्याकडे घेऊन आली ती बलवर्धक औषधासाठी. बोलता बोलता कळले की नऊ दिवसांपूर्वी हातावर मोठा काळानिळा डाग पडला, शेजारच्या कोणी तरी "रक्त फार पातळ झालेय" असे सांगितले आणि घरच्यांनी गोळी बंद केली.

"डॉक्टर, आईंचा हात बघवत नव्हता हो. म्हटलं, जीवच जायचा त्या गोळीनं," सून म्हणाली.

"वहिनी, डाग दिसतो म्हणून भीती वाटते," आम्ही म्हटले. "डोक्यात जाणारी गुठळी दिसत नाही, एवढाच फरक. आज संध्याकाळच्या आत त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आमचे औषध उद्या घेतले तरी चालेल."

आजी मात्र आमच्यावर रागावल्या. "मला काही नको तुमच्या गोळ्या. मला बळ द्या," म्हणाल्या. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. डाग कातडीखालचा साधा होता. बळासाठी आम्ही जे केले ते पुढे सांगतो. दीड वर्षाने त्या मोरीत घसरून पडल्या, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी गोळी दोन दिवस थांबवली, नंतर डॉक्टरांनी ती पुन्हा चालू केली. आज त्या काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. याहून मोठा दावा आम्ही करणार नाही.

गोळी कधीच थांबवू नये, असेही नाही. अंथरुणाला खिळलेल्या, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णात ती थांबवण्याचा निर्णय शहाणपणाचा असू शकतो. परंतु तो निर्णय चिकित्सा करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाने आणि कुटुंबाने मिळून, विचारपूर्वक घ्यावयाचा असतो. डाग पाहून नव्हे, आणि आपल्या दुकानात वा चिकित्सालयात तर नव्हेच.

आपल्या कपाटातील औषधे

आता आपल्या घरात पाहू. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही," हे वाक्य ग्राहकाने उच्चारले तर समजू शकते. विक्रेत्याने उच्चारू नये.

वत्सनाभयुक्त कल्प पहिले घ्यावे लागतात. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय हे रस ताप-सर्दीवर घरोघर चालतात. वत्सनाभातील द्रव्य हृदयपेशींतील सोडियमचे मार्ग उघडे धरून ठेवते आणि घातक तालविकार निर्माण करते. शोधनाने ते पुष्कळ सौम्य होते, पण शोधन किती नीट झाले हे पुडीवरून कळत नाही. आधीच ताल बिघडलेल्या हृदयासाठी हा जुगार खेळू नये. तापावर पर्याय पुष्कळ आहेत. वत्सनाभ, कुपीलू आदी द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत असून अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. ती सूचना विक्रेत्याने वाचून दाखवावी, एवढे तरी व्हावे.

यष्टीमधू दुसरे. खोकल्याला, आम्लपित्ताला आपण ते सहज देतो. दीर्घकाळ दिल्यास ते शरीरातील पोटॅशियम घटवते आणि पाणी साठवते. रुग्ण डिगॉक्सिनवर असेल तर पोटॅशियम उतरताच त्या औषधाची विषबाधा संभवते. डिगॉक्सिन हे मुळात वनौषधीचेच अपत्य. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लोव्हवर ग्रंथ लिहिला तेव्हापासून त्याची मात्रा आणि विष यांतील अंतर किती थोडे आहे हे माहीत आहे. हाच दोष सोनामुखीयुक्त रेचक चूर्णांचा. म्हाताऱ्यांना बद्धकोष्ठ असते, चूर्णाची बाटली महिन्याला संपते आणि विक्रेता ती पुन्हा देतो. महिनोन्महिने चाललेले रेचन पोटॅशियमही नेते आणि बलही.

अश्वगंधेविषयी लिहिताना आमचाही हात किंचित अडखळतो, कारण ती आपली लाडकी वनस्पती आहे. तिने थायरॉइडचे स्राव वाढल्याच्या नोंदी आहेत. ज्याचा थायरॉइड तपासलेला नाही, अशा अनियमित नाडीच्या वृद्धाला ती देण्यापूर्वी ती तपासणी करून घ्यावी. गुग्गुळाबाबत तर भारतीय संशोधकांनीच १९९४ साली दाखवले की त्याच्या सेवनाने डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. हृदयगती आवरण्यासाठी हीच औषधे दिलेली असतात. उलट पिप्पली-मरिचातील पायपरिन आतड्यातील ज्या वाहक-प्रथिनाला अडवते, त्याच्यावरच डिगॉक्सिन आणि नव्या गोळ्यांचे शोषण अवलंबून असते. मानवी आतड्याच्या पेशींवरील हे निरीक्षण २००२ चे आहे. त्रिकटूचा योगवाही गुण आपण अभिमानाने सांगतो. तो गुण खरा आहे म्हणूनच येथे जपावे लागते. स्वयंपाकातील मिरे-सुंठीला हरकत नाही, औषधी मात्रेला आहे. लसूणक्षीरपाक, हळदीच्या तीव्र सत्त्वाच्या गोळ्या यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. आसवारिष्टांतील स्वयंजात मद्यार्क थोडा असला तरी मद्य हे या तालविकाराचे ओळखीचे निमित्त आहे. अशा रुग्णाला आम्ही क्वाथ वा वटी देतो.

अर्जुनाविषयी विचारणा नेहमी होते. चक्रदत्ताने हृद्रोगात सांगितलेला अर्जुनक्षीरपाक आम्ही स्थिर रुग्णांत, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवून देतो. परंतु अर्जुनाने गुठळी थांबते, म्हणून गोळी सोडा, असे सांगणाऱ्यांना आधार नाही. तसे सांगणारी पत्रके काही औषधालयांतून वाटली जातात, हे खेदाने नमूद करावे लागते.

पंचकर्माबाबतही थोडे. गोठणरोधक औषधावरील रुग्णात जलौकावचरण टाळावे. जळूच्या लाळेतील रक्त न गोठू देणारा गुण हेक्राफ्ट यांनी १८८४ सालीच दाखवला होता, त्यात गोळीची भर पडली तर रक्त थांबणे कठीण. विद्धकर्म, जोराचे मर्दन, कपिंग हेही नको. तीव्र वमन-विरेचन या देहाला झेपत नाही. बल न पाहता दिलेले तीक्ष्ण औषध अल्पबल रुग्णाला घातक होते, असा इशारा चरकांनी त्याच विमानस्थानात दिला आहे. बलातेलाचा हलका अभ्यंग, सोसेल तितका मृदू स्वेद, क्वचित मात्राबस्ती एवढ्यावर आम्ही थांबतो.

बळ येते कोठून

पूर्वोक्त आजींना आम्ही औषध थोडे आणि अन्न पुष्कळ दिले. त्यांचा आहार विचारला तेव्हा सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी दहीभात, रात्री पेज असे उत्तर आले. वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, असे २०१३ पासून तज्ज्ञ सांगत आहेत; म्हणजे आजींना पन्नास ग्रॅमच्या आसपास. पेज-दहीभाताने त्याचे अर्धेही भरत नाही. एक कप दुधात सहा ग्रॅम, पंचवीस ग्रॅम मुगाच्या डाळीत सहा, एका अंड्यात सहा, हा हिशेब आम्ही सुनेच्या वहीत लिहून दिला. पेजेत मुगाची डाळ, पोळीच्या कणकेत बेसन, चहाऐवजी दूध आणि दुपारी मुगाचे घट्ट वरण. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वॉरफरिन वा असिट्रॉमवरील रुग्णांना पालेभाज्या पूर्ण बंद करण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. मेथी, पालक, अळू यांतील के जीवनसत्त्व या गोळीविरुद्ध काम करते हे खरे. पण अपाय होतो तो प्रमाण अचानक बदलल्याने. आठवड्यातून दोनदा एक वाटी असेल तर ती तशीच राहू द्यावी. श्रावणातले आणि एकादशीचे उपवास येथे विचारून घ्यावेत. दोन दिवस पोटात काही नाही आणि गोळी चालू, तर आयएनआर वर जातो. दोन ते तीन ही मर्यादा ओलांडली की डाग पडतात, आणि डाग पडला की गोळी बंद होते.

व्यायामाविषयी वाग्भटांचा अर्धशक्तीचा नियम पुरेसा आहे. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १६३५ जणांना चालणे आणि सोपे बलव्यायाम नियमाने करायला लावले. सुमारे अडीच वर्षांत चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण केवळ माहिती दिलेल्या गटात ३५.५ आणि व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के राहिले. आजींना आम्ही खुर्चीतून उठून बसणे दिवसातून दोनदा सांगितले. पहिल्या दिवशी हात टेकल्याशिवाय एकदाही जमले नाही. तिसऱ्या महिन्यात सलग चार वेळा जमले, तेव्हा त्यांनी नातवाला हाक मारून मोजायला लावले.

चक्कर येऊन पडणाऱ्या रुग्णात मात्र व्यायाम वाढवण्याआधी कारण शोधावे. नाडी कधी अतिवेगवान आणि कधी पन्नासच्याही खाली जाणे, उभे राहताना रक्तदाब उतरणे, झोपेच्या गोळ्या ही तीन कारणे आम्हाला वारंवार भेटली आहेत, आणि तिन्ही वेळा उपाय हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीत होता.

आमच्या चिकित्सालयात अशा प्रत्येक रुग्णासाठी आता एक जाड कागदाचे पत्रक असते. पुढील बाजूस सर्व औषधांची यादी, आमच्या औषधांसह. मागील बाजूस वजन, पाच वेळा उठण्याचे सेकंद, मिनिटभराची नाडी आणि शेवटचा आयएनआर वा क्रिएटिनीन. रुग्ण ते हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जातो. प्रारंभी काही डॉक्टर त्याकडे पाहत नसत. हल्ली दोघे-तिघे त्यावर स्वतःच्या हाताने लिहून पाठवतात. औषधविक्रेत्यांनी ते पत्रक मागून पाहावे आणि वर उल्लेखिलेल्या द्रव्यांपैकी काही देण्याआधी वैद्याला दूरध्वनी करावा. आपल्या औषधाने अपाय झाल्याचा संशय आला, तर आयुष मंत्रालयाने २०१८ साली सुरू केलेल्या औषधसुरक्षा योजनेकडे, जिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे, तो कळवता येतो. कळवताना पुडीवरचा घाणा क्रमांक आणि निर्मितीची तारीख लागते. पुडी फेकण्याआधी ती टिपून ठेवावी.